बारा, ओर्मांकूर स्ट्रीट

रस्त्यावर कुठलीही पाटी दिसली की ते थांबायचे. काठीचं टोक खांबाच्या बुडाशी टेकवायचे, मान वर करून नाव वाचायचे आणि शेजारी जो असेल त्याला विचारायचे, "हे नाव कुणी ठेवलं?" शेजारी कुणी नसलं तर खांबालाच विचारायचे.

पामर्स्टन नॉर्थमध्ये शेजारी बहुधा कुणी नसायचं. इथे माणसं गाडीत असतात. लोकरीची कानटोपी, मुलाचा जुना रेनकोट आणि अंगठ्याशी भोक पाडलेल्या मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपरा, घातलेला एक म्हातारा खांबाशी बोलतोय, हे ज्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलं त्यांनी आपापला अर्थ काढला. तुम्हीही काढला असता. मीही पहिल्या दिवशी काढलाच होता.

मी त्यांच्या घरामागच्या सुट्या खोलीत भाड्याने राहायचे. इथे अशा खोलीला स्लीपआउट म्हणतात. शिक्षण संपलं होतं आणि मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. शेतांवरून आलेले मातीचे नमुने वाळवायचे, चाळायचे, त्यांना नंबर द्यायचे. हे ऐकल्यावर आजोबा खूश झाले. "माती म्हणजे आमच्याच खात्यातली तू." ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. उभी हयात साखळी ओढत साताऱ्याच्या डोंगरात गेली. सगळे त्यांना आजोबा म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांचा मुलगा तो दादा, सून ती वहिनी. आजी गेल्यावर दादाने त्यांना कायमचं इकडे आणलं होतं.

त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. मोजणीला ज्या ज्या गावी गेले त्या प्रत्येक गावाचं नाव, आणि पुढे ते नाव का पडलं याची एक ओळ. पद्धत ठरलेली. गावात शिरलं की आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, मग जुना कागद बघायचा, आणि दोन्ही जुळलं तरच ओळ पक्की करायची. नाही जुळलं तर पट्टी लावून रेघ मारायची. हाताने नाही, पट्टीनेच.

एका गावात म्हणे हत्तीचा माळ होता. गावकऱ्यांनी सांगितलं, कुठल्याशा राजाचा हत्ती इथे बांधायचे. आजोबांनी लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी जुन्या टिपणात सापडलं की माळाच्या हद्दीवर हत्तीसारखा एक दगड होता, बाकी राजा नाही आणि हत्तीही नाही. त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर पट्टी काढली आणि राजावर रेघ मारली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पाटलांनी चहा बंद केला. पुढचे चार दिवस बिनचहाची मोजणी."

"राहू द्यायचा होता की राजा."

"मग मी मोजणीदार कसला?"

मला हा माणूस एकदम पटला. माझा बाप पत्रकं छापायचा. मजुरीवर, पाण्यावर, दारूच्या दुकानांवर. आई घड्या घालायची, मी पाच वर्षांची असल्यापासून ती वाटायचे. आमच्या घरात देव नव्हता, पण एक नियम होता. न तपासलेली ओळ छापायची नाही. समोरचा खोटं बोलतो म्हणून आपण उठलो ना, मग आपण एकही खोटी ओळ लिहायची नाही. आजोबांची पट्टी पाहून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण आजोबांची नावं जायला लागली होती.

साताऱ्याची नाही. ती पक्की होती. कुठलंही गाव विचारा, नाव, अर्थ, ओढा कुठून कुठे जातो, सगळं बसल्या जागी सांगायचे. जात होती ती इथली नावं. औषधाचं, डॉक्टरीणबाईंचं, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याचं. आणि सगळ्यात आधी आणि सगळ्यात पूर्ण गेलं ते राहत्या रस्त्याचं नाव.

दोनदा हरवले. एकदा मॉलच्या बाकावर सापडले, एकदा दफनभूमीत, तिथल्या दगडांवरची नावं वाचताना. दोन्ही वेळा पोलिसांनी विचारलं, राहता कुठे? दोन्ही वेळा त्यांनी साताऱ्याचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट.

वहिनीने खिशात पत्त्याचं कार्ड घातलं, ते त्यांनी काढून ठेवलं. दादाने जागा दाखवणारं घड्याळ आणलं. ते न्हाणीघरात साबणाच्या भांड्यात सापडलं. दादा चिडला तर म्हणाले, "पत्ता खिशात ठेवायला मी काय टपालाची पेटी आहे? पत्ता माणसाला माहीत असतो."

दुसऱ्या वेळेनंतर दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दोघंही दिवसभर कामावर. बाहेरून कुलूप लावून जायचं की काय, असं तो कुजबुजत म्हणाला आणि स्वतःच शरमला. मग सांगितलं की स्मृती तपासणारी नर्स तीन आठवड्यांनी घरी येणार आहे. तिने लिहून दिलं की हे एकटे राहू शकत नाहीत, तर वृद्धाश्रम. साधा नाही. ज्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं तो. "निदान पत्ता सांगता आला पाहिजे. बाकी मी सांभाळतो. एवढा एक पत्ता."

आजोबांना हे सगळं कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले, खुर्चीवर न बसता उभे राहिले, आणि साहेबापुढे अर्ज द्यावा तसं बोलले.

"पोरी, मला त्या रस्त्याच्या नावाचा अर्थ लावून दे. अर्थ कळला की मी नाव विसरत नाही. एकही विसरलो नाही अजून. ह्या नावाला पकडायला कडच नाही. जीभ ठेवली की सरकतं. तू शिकलेली आहेस. मला तिथे कोंडतील, अगं."

शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघून म्हटलं. इतक्या दिवसांत त्यांच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली.

ओर्मांकूर हे उत्तर फ्रान्समधलं एक लहानसं गाव. पहिल्या महायुद्धात ह्या भागातली मुलं तिथे लढली, बरीचशी तिथेच राहिली. म्हणून परत आलेल्यांनी आपल्या एका रस्त्याला ते नाव दिलं. रस्त्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा दगड आहे, त्यावर हे कोरलेलं आहे. मी आजोबांना वाचून दाखवलं.

"तिथले लोक इथे आले होते?"

"नाही. इथले तिथे मेले."

त्यांनी काठीचं टोक दगडाशी टेकवलं. "म्हणजे आपण मेलेल्यांच्या पत्त्यावर राहतो."

पद्धतीप्रमाणे आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं होतं. रस्त्याच्या टोकाला रेल्वेतून निवृत्त झालेले एक माओरी गृहस्थ राहायचे. दिवसभर गॅरेजचं शटर वर करून आत खुर्ची टाकून बसलेले असायचे. आजोबा त्यांना रेल्वेवाले म्हणायचे. दोघांची भाषा वेगळी, पण कचेरीतलं इंग्रजी आणि हातवारे यांवर तास तास निभायचं. भेटले की आजोबा ठणठणीत आवाजात "किया ओरा, रेल्वेवाले" म्हणायचे आणि ते हात वर करायचे.

फ्रेंच नावाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. पण आजोबांनी पुढचा प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. ह्या नावाच्या आधी काय नाव होतं? रेल्वेवाल्यांनी बोटाने रस्ता दाखवला. मग म्हणाले, इथून एक ओढा वाहायचा, त्याचं नाव होतं, तेच जागेचं नाव. ओढा आता पाइपात घालून रस्त्याखाली गाडलाय. त्यांनी नाव सांगितलं. ते इथे मी लिहीत नाही, ते त्यांनी आजोबांना सांगितलेलं आहे. आजोबांनी लगेच उठून उतार पाहिला, हाताने हवेत एक वळण काढलं, आणि रेल्वेवाले हसून म्हणाले, बरोबर, तिथेच वळायचा.

मी पेटले. लोकांचा ओढा गाडायचा, नाव पुसायचं, आणि इंग्रज राजाच्या हट्टापायी मारलेल्या पोरांच्या नावाने परदेशी पाटी ठोकायची. मी तिथेच जाहीर केलं की यावर पत्रक काढणार. शहरातल्या प्रत्येक रस्त्याचं आधीचं नाव शोधून काढणार.

रेल्वेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काढ. पण माझ्या आजीचा भाऊ त्या फ्रेंच गावात पुरलेला आहे. ते नावही आमचंच आहे आता." आणि काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या आजोबांकडे बघून म्हणाले, "आधी याचा पत्ता बघ."

त्या रात्री मी त्या गावाच्या नगरपालिकेला ईमेलने पत्र लिहिलं. यंत्राने केलेलं फ्रेंच भाषांतर आणि खाली माझं इंग्रजी. आमच्या घरी एक गृहस्थ आहेत, त्यांना आपल्या गावाच्या नावाचा अर्थ हवा आहे, कृपया लवकर कळवा. लवकरच्या खाली रेघ मारली.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. आजोबा रोज सकाळी माझ्या दाराशी यायचे. "आलं का उत्तर?" आणि मग स्वतःहून पत्ता म्हणून बघायचे. "बारा..." बारा यायचं. पुढे ओठ हलायचे, नुसते हलायचे. एकदा त्यांनी स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. मी मान वळवली.

नर्स यायच्या दोन दिवस आधी मी शब्दकोश घेऊन बसले. फ्रेंचमध्ये ओर्म म्हणजे एल्म, एक मोठं सावलीचं झाड. कूर म्हणजे अंगण, वाडी. एल्मची वाडी. जुळत होतं, पण जुळतंय म्हणून खरं असेलच असं नाही, हे मला कळत होतं. कागद पाहिला नव्हता. आमच्या घरी ही ओळ छापली गेली नसती.

मी आजोबांना म्हटलं, "अजून पक्कं नाही हं. पण बहुतेक एल्म नावाच्या झाडावरून. एल्मची वाडी."

त्यांचा चेहरा बदलला तो मी अजून विसरले नाही.

"एल्म कसा असतो?"

चौकात एक होता. मी त्यांना घेऊन गेले. थंडीने पानं झडलेली, पण बुंधा भरभक्कम. त्यांनी सालीवर तळवा ठेवला, वर पाहिलं, पाच पावलं मागे येऊन पुन्हा पाहिलं.

"पार बांधण्यासारखं झाड आहे," ते म्हणाले. "म्हणजे आपलं पिंपळगाव. एवढंच होतं होय. ओर्मांकूर. ओर्मांकूर." परत येताना ते मला प्रत्येक फाटकापाशी नाव म्हणून दाखवत होते. घरी आल्यावर वहीत नवं पान उघडलं आणि साताऱ्यातल्या गावांच्या पुढे, त्याच अक्षरात लिहिलं. ओर्मांकूर. एल्मच्या झाडावरून.

नर्स आली. बाई प्रेमळ होती. तारीख विचारली, चुकली. वार विचारला, चुकला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक राहिला. दादाचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होत चाललेला मला दिसत होता. मग तिने पत्ता विचारला.

आजोबा ताठ बसले. "ट्वेल्व्ह, ओर्मांकूर स्ट्रीट, पामर्स्टन नॉर्थ. एल्म ट्री व्हिलेज. सेम लाइक माय पिंपळगाव."

नर्स हसली, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणाली आणि लिहून घेतलं. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. दादा स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

पुढचे सहा आठवडे ते मोकळे होते. रोज दहाला निघायचे, बाराला परत. दिशा ठेवायला त्यांची एक खूण होती. शहराच्या पूर्वेच्या डोंगररांगेवर पवनचक्क्या आहेत, पांढऱ्या, ओळीने. जाताना त्या उजव्या हाताला, येताना डाव्या. "सरकारने माझ्यासाठी झेंडे रोवलेत," असं म्हणायचे. एकदा रस्ता चुकलेच, तर एका बाईला पत्ता सांगून तिच्या गाडीतून रुबाबात घरी आले. तिलाही एल्मची गोष्ट सांगितलेली होती. उतरताना ती मला म्हणाली, इथे जन्म गेला माझा, मला हे माहीतच नव्हतं.

मला आत कुठेतरी टोचलं. पण ते आनंदात होते.

"आलं का उत्तर?" हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. ओळ अजून पक्की नव्हती ना. म्हातारं माणूस झालं, शब्दकोश झाला, कागद बाकी होता.

कागद आला, माझ्या फोनवरच. नगरपालिकेने माझं पत्र गावातल्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे दिलं होतं आणि त्यांनी सवडीने, सुंदर, लांब उत्तर लिहिलं होतं. एल्मची गोष्ट आम्हीही मुलांना सांगतो, शाळेच्या बिल्ल्यावर एल्म आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण ती खरी नाही. जुन्या दस्तात नाव ज्या रूपात आहे त्यावरून दिसतं की ते एका माणसाचं नाव आहे. ओर्मान किंवा तसाच कुणी. त्याची वाडी. हा कोण, कुठला, कधीचा, काहीही माहीत नाही, त्याचं नुसतं नाव उरलंय. आणि शेवटी, गावात आता एल्म एकही नाही. युद्धात बरेच गेले, नंतर लावले ते रोगाने गेले.

मी ते पत्र तीनदा वाचलं. आता तुम्ही म्हणाल, फोन बंद करून ठेवायचा होता. रोज विचारतात, रोज नाही म्हणायचं होतं. कुणाचं काय जात होतं?

मीही त्या रविवारी सकाळी हाच हिशेब केला. पण हत्तीच्या माळावर चहावाचून चार दिवस काढलेला तो माणूस होता. त्याला खोटी ओळ पक्की करू द्यायची म्हणजे त्याला वेडा समजायचं, बाकी सगळे समजतात तसं, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय, हेही लिहिते, मला ते पत्र दाखवायचं होतं. मी मिळवलं होतं ते. खऱ्याची मला लहानपणापासून अशी चटक आहे.

ते दाराशी आले. "आलं का उत्तर?"

"आलं."

ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. मी वाचून दाखवलं, ओळ ओळ मराठी करत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मग झाड नाही?"

"नाही."

"कुणाची वाडी म्हणालीस?"

"ओर्मान म्हणून कुणी होता."

"कोण होता तो?"

"माहीत नाही, आजोबा. कुणालाच माहीत नाही."

"करायचा काय?"

"ते पण नाही."

"मुलंबाळं?"

मी मान हलवली.

"एवढं गाव बसवलं आणि काहीच नाही उरलं? नुसतं नाव?" ते माझ्याकडे असे पाहत होते जणू मी काहीतरी मागे ठेवतेय. मग म्हणाले, "आण ती वही."

खिशातून सहा इंची पट्टी काढली. एल्मच्या ओळीवर ठेवली, अंगठ्याने दाबून धरली, आणि पेन्सिलीने रेघ मारली. रेघ सरळ आली. खाली नवी ओळ लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून बसले. मी सांगितलं, "ओर्मान." त्यांनी मान डोलावली. लिहिलं काहीच नाही. वही मिटून मला म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. खोटं राहिलं असतं."

ही शाबासकी मी दोन दिवस मिरवली.

बुधवारी ते दहाला निघाले. मी प्रयोगशाळेत होते. ढग इतके खाली उतरले होते की पूर्वेला डोंगर म्हणून काही नव्हतंच. पवनचक्क्या नव्हत्या. दुपारी वहिनीचा फोन आला. मी, दादा आणि आपली जुनी गाडी घेऊन रेल्वेवाले, तिघं तीन दिशांना फिरलो. दक्षिणेचा वारा सुटला, मग पाऊस. चौकातल्या एल्मपाशी मी तीनदा जाऊन आले. तिथे ते नव्हते.

अंधार पडताना शहराबाहेर डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेतकऱ्याला सापडले. पवनचक्क्या कुठे गेल्या ते बघायला निघाले होते. एक जँडल नव्हती. कानटोपी भिजून जड झालेली.

आधीच कुणी का नाही थांबवलं, असं दादा पोलिसावर ओरडला. पोलीस शांतपणे म्हणाला की एका बाईने थांबवलं होतं. घर कुठे, असं विचारलं होतं. म्हाताऱ्याने अतिशय नम्रपणे सांगितलं की मी एका माणसाच्या अंगणात राहतो. कोणत्या माणसाच्या? ते कुणालाच माहीत नाही. बाईला वाटलं, बेघर आहे. तिने त्यांना दहा डॉलर दिले आणि पुढे गेली. ती नोट त्यांच्या मुठीत तशीच होती, ओली.

इस्पितळातून ते घरी आले नाहीत.

दादाने मला विचारलं, एकदाच, इस्पितळाच्या वाहनतळावर, गाडीच्या दारावर हात ठेवून. "रविवारी काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तो म्हणाला, "त्यांना फ्रान्सला जायचं नव्हतं गं. घरी यायचं होतं."

आकड्यांच्या कुलपाच्या त्या घराविषयी मी एक पत्रक लिहू शकेन. भिंती पिवळ्या, दिवाणखान्यात दिवसभर टीव्ही, बाग आहे पण तिचं दार बंद. कामाला असलेल्या बाया चांगल्या आणि फार थोड्या. दूरच्या देशांतून येऊन त्या इथल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात आणि त्यांचे म्हातारे तिकडे एकटे असतात. कुणावर रागवायचं ते मला माहीत आहे, यादी तयार आहे. पण त्या दारातून आत गेलं की यादी हातात राहायची नाही.

त्यांनी मला ओळखणं सोडलं नव्हतं, म्हणजे नाव नाही, पण खातं. "मातीवाली आली," असं म्हणायचे. काठी काढून घेतली होती, पडतील म्हणून. खोल्यांच्या दारांवर पाट्या होत्या. त्या प्रत्येकीसमोर थांबून ते रिकामा हात काठी असल्यासारखा खाली टेकवायचे. विचारायचं आहे एवढं आठवायचं, काय विचारायचं ते नाही.

रेल्वेवाले माझ्याबरोबर यायचे. दोघं शेजारी बसायचे. एकदा त्यांनी ओढ्याचं ते नाव हळूच म्हटलं. आजोबांचा हात उठला आणि हवेत ते वळण काढून पुन्हा मांडीवर पडला.

पुढच्या वर्षीच्या जूनमधल्या एका दुपारी मी एकटीच गेले होते. ते खिडकीशी बसले होते. ढग नव्हते, पण ती खिडकी पश्चिमेची. मला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर स्वच्छ झाला, अगदी पूर्वीसारखा.

"आलं का उत्तर?"

मी गुडघ्यावर बसले. त्यांचे हात थंड होते, मी ते धरले.

"नाही, आजोबा. अजून नाही आलं."

"उशीर लावतात."

"हो ना."

"मग तोवर काय धरायचं?"

"तोवर एल्म धरून चालू."

"एल्म," ते म्हणाले. "झाड ना? बरंय. पार बांधता येईल." आणि मग अजिबात न अडखळता, "बारा, ओर्मांकूर स्ट्रीट. चल, उठ. जाऊ घरी."

मी उठले नाही. दाराचे आकडे मला पाठ होते. मी तिथेच त्यांचे हात धरून बसून राहिले आणि थोड्या वेळाने ते विसरले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. दादाने वही मला दिली, म्हणाला, आमच्याकडे वाचणार कोण. मी ती खोली सोडली आणि वही बरोबर आणली. पत्रक काही लिहून झालं नाही.

मागच्या आठवड्यात ते पान उघडलं आणि खोडरबर घेतला. नुसती रेघ पुसायची होती, खालची ओळ राहू द्यायची होती. पण दोन्ही एकाच पेन्सिलीच्या. रेघ बरोबर अक्षरांच्या मधून गेलेली, पट्टी लावून. पहिल्या हाताबरोबर रेघ फिकट झाली, आणि तिच्याबरोबर एल्मही.

मी रबर खाली ठेवला.